विश्लेषण : डोक्यावर हेल्मेट, पायात मात्र चप्पल! दुचाकीस्वारांनी बूट कसे निवडावेत?

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला, की पुण्यापासून नागपूरपर्यंत वाद रंगतो. पायांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. कोणत्याही सिग्नलवर थांबलेल्या दुचाकींकडे पाहिले, तर हेल्मेट घातलेल्यांच्याही पायात बऱ्याचदा चप्पल किंवा सँडल दिसते. अपघातात जिवाला सर्वाधिक धोका डोक्याच्या माराचा असतो, हे खरेच. पण जीव वाचल्यानंतर महिनोन्महिने अंथरुणाला खिळवणारी, रोजगार बुडवणारी आणि प्रसंगी कायमचे अधूपण देणारी दुखापत अनेकदा पायाची असते. मग चप्पल घालून गाडी चालवणे बेकायदा आहे का? त्यासाठी हजारो रुपयांचे ‘रायडिंग बूट’ घेतलेच पाहिजेत का? की मधला मार्ग आहे?

चप्पल घालून दुचाकी चालवल्यास दंड होतो का?

नाही. ‘चप्पल घातल्यास एक हजार रुपये दंड’ अशा आशयाचे संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. सुधारित मोटार वाहन कायदा सप्टेंबर २०१९ मध्ये लागू झाला, तेव्हा या अफवेला ऊत आला होता. चप्पल, लुंगी-बनियन किंवा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून वाहन चालवल्यास चलान फाडण्याची कोणतीही तरतूद नव्या कायद्यात नाही, असा खुलासा त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला करावा लागला होता. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटबाबत आहे. त्याच्या उल्लंघनासाठी कलम १९४ ड नुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. पादत्राणांबाबत मात्र अशी सक्ती नाही.

काही देशांनी हा विषय कायद्यात आणला आहे. बेल्जियममध्ये सप्टेंबर २०११ पासून मोटारसायकलस्वारांना हातमोजे, लांब बाह्यांचे जाकीट, पूर्ण लांबीची पँट आणि घोटा झाकणारे बूट बंधनकारक आहेत. फ्रान्सने नोव्हेंबर २०१६ पासून हातमोजे सक्तीचे केले. आपल्याकडे हेल्मेटचीच अंमलबजावणी धड होत नसताना बुटांची सक्ती येईल, अशी शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही. त्यामुळे हा निर्णय तूर्त तरी चालकाच्या हातात, खरे तर पायात आहे.

आकडेवारी काय सांगते?

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यापैकी ७४ हजार ८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती. या अहवालात हेल्मेट आणि सीटबेल्ट यांचा स्वतंत्र हिशेब असतो, पायात काय होते याचा नसतो. जी गोष्ट मोजली जात नाही, तिच्यावर चर्चाही होत नाही.

अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने मात्र जखमींचा असा हिशेब मांडला आहे. २००१ ते २००८ या काळात तिथल्या आपत्कालीन विभागांत उपचार घेतलेल्या मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींमध्ये पाय आणि पावलांचा वाटा ३० टक्के, तर डोके व मानेचा २२ टक्के होता. म्हणजे जे वाचतात, त्यांच्यात पायाची दुखापत सर्वाधिक आढळते.

पायाला इजा नेमकी कशी होते?

गाडी घसरली की ती बहुधा एका कुशीवर पडते आणि त्या बाजूचा पाय खाली सापडतो. रोजच्या वापरातील १०० सीसी मोटारसायकलचे वजन ११० किलोच्या आसपास असते, ३५० सीसीच्या जड गाड्यांचे १९० किलोच्या पुढे. एवढे वजन फूटरेस्ट, गिअरचा दांडा किंवा इंजिनाच्या कडेसह पावलावर येते. एका पावलात २६ छोटी हाडे असतात. ती दोन्ही बाजूंनी दाबली गेली, की एकाच वेळी अनेक ठिकाणी मोडू शकतात.

दुसरा प्रकार खरचटण्याचा. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. या वेगात पडलेला माणूस काही मीटर तरी डांबरावर घासत जातो. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यावर मांस जवळपास नसतेच. पातळ त्वचेखाली थेट शिरा आणि हाडे असतात. तिथली त्वचा सोलवटली, तर साध्या मलमपट्टीवर भागत नाही. मांडीची त्वचा काढून तिथे लावण्याची वेळ येऊ शकते.

तिसरा प्रकार मुरगळण्याचा. पडताना पाय गाडी आणि रस्ता यांच्या बेचक्यात अडकून पिळला जातो आणि घोट्याचे अस्थिबंध फाटतात. चौथा प्रकार गाडीच्या फिरत्या आणि तापलेल्या भागांचा, म्हणजे साखळी, चाकाचे आरे आणि सायलेन्सरचा.

चप्पल या चारही प्रकारांत निरुपयोगी ठरते, कारण पहिल्याच धक्क्याला ती पायातून निघून जाते. शिवाय ती अपघाताचे कारणही ठरू शकते. ओल्या चपलेतून पाय सरकतो, अंगठा गिअरच्या दांड्याखाली नीट जात नाही, ऐनवेळी मागच्या ब्रेकवर दाब देताना चप्पल दुमडते. सिग्नलला वाळूवर पाय टेकताना घसरला, तर उभी गाडीही अंगावर येते.

बुटांमुळे खरोखर फरक पडतो का?

पडतो. या विषयातील एक महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांच्या पेहरावाची आणि दुखापतींची नोंद संशोधक लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी घेतली. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘अॅक्सिडेंट अॅनालिसिस अँड प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आतून संरक्षक कवच असलेले मोटारसायकल बूट घालणाऱ्यांच्या पावलांना आणि घोट्यांना इजा होण्याची जोखीम जवळपास निम्म्याने कमी आढळली.

पण सर्वसामान्य चालकासाठी याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. मोटारसायकलसाठी खास न बनवलेले, पण घोट्यापर्यंत येणारे साधे भक्कम बूट घालणाऱ्यांचीही जोखीम साध्या शूज किंवा स्पोर्ट्स शूज घालणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. इथे तुलना चपलेशी नाही, बंद शूजशी आहे. याचा अर्थ सुरक्षेतील पहिली आणि मोठी पायरी दहा हजारांच्या बुटाने सुरू होत नाही. घोटा झाकणारा, पायाला घट्ट बसणारा कोणताही मजबूत बूट घातला, की ती चढता येते.

अर्थात, बूट म्हणजे चिलखत नव्हे. ट्रकखाली आलेला पाय कोणताही बूट वाचवू शकत नाही. खरचटणे, कापणे, मुरगळणे आणि मध्यम वेगातील दाब यांपासून मात्र तो चांगले रक्षण करतो, आणि शहरातल्या बहुसंख्य पडझडी याच प्रकारच्या असतात.

बुटावरील ‘ईएन १३६३४’ आणि चार आकड्यांचा अर्थ काय?

हेल्मेट घेताना आपण आयएसआय चिन्ह पाहतो. मोटारसायकल बुटांसाठी जगभर प्रामुख्याने युरोपचे ‘ईएन १३६३४’ हे मानक पाहिले जाते. प्रमाणित बुटाच्या आत किंवा जिभेवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र आणि त्याखाली चार आकडे असतात. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. २ म्हणजे वरची पातळी.

पहिला आकडा बुटाच्या उंचीचा. दुसरा घासण्याला तोंड देण्याच्या क्षमतेचा. फिरत्या खरखरीत पट्ट्यावर बुटाचे साहित्य घासले जाते. ज्या भागांना धोका जास्त, तिथे पातळी १ साठी ते पाच सेकंद आणि पातळी २ साठी १२ सेकंद टिकावे लागते. तिसरा आकडा धारदार वस्तूने कापले जाण्याला होणाऱ्या प्रतिकाराचा. चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. तो आडव्या दाबाचा, म्हणजे गाडी पावलावर पडली तर सोल किती चेपेल याचा. ‘१ २ २ १’ असे लिहिलेला बूट कमी उंचीचा, घासण्या-कापण्याला उत्तम आणि चेपण्याला मध्यम, असे समजावे.

याशिवाय काही इंग्रजी अक्षरे असतात. ‘आयपीए’ म्हणजे घोट्यावर धक्का शोषणारे कवच, ‘आयपीएस’ म्हणजे नडगीवर कवच, ‘डब्ल्यूआर’ म्हणजे पाणीरोधक आणि ‘एफओ’ म्हणजे इंधन-तेलाने खराब न होणारा सोल. केवळ ‘बायकर बूट’, ‘रायडर स्टाइल’ असे लिहिलेले असेल आणि मानकाचा उल्लेख नसेल, तर तो दिखाऊ फॅशनचा बूट असू शकतो. नेमकी तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.

कारखान्यातील सेफ्टी शूज चालतील का?

चाकण, वाळूज, बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींत जाणाऱ्या हजारो कामगारांकडे सेफ्टी शूज आधीच असतात. ‘आयएस १५२९८’ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागातील सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो. सोप्या भाषेत, सुमारे एक मीटर उंचीवरून २० किलोचे वजन बोटांवर पडले तरी बोटे वाचली पाहिजेत. त्यामुळे चपलेपेक्षा आणि कापडी शूजपेक्षा ते निश्चितच बरे.

मात्र मर्यादा लक्षात घ्याव्यात. हे बूट वरून पडणाऱ्या वजनासाठी बनवलेले असतात. बाजूने येणारा दाब आणि घसरण यांचा विचार त्यात नसतो. अनेक सेफ्टी शूज घोट्याच्या खालीच संपतात. जाड टोपीमुळे बूट गिअरच्या दांड्याखाली अडकू शकतो. म्हणून घोट्यापर्यंतचा नमुना निवडावा आणि गाडीवर बसून गिअर टाकून पाहावा. ‘स्टीलची टोपी वाकून बोटे कापते’ ही भीती मात्र अनाठायी आहे. ती टोपी वाकवण्याइतके वजन उघड्या बोटांवर पडले, तर बोटांचे काय होईल, हा प्रश्न आधी विचारावा.

ट्रेकिंगचे उंच बूट हाही चांगला पर्याय आहे. सह्याद्रीतील भटक्यांच्या आवडीचे कापडी ‘हंटर’ घोटा झाकतात आणि पायातून निघत नाहीत, पण त्यांत चवड्याला आणि टाचेला कडक आधार नसतो. नसण्यापेक्षा बरे, एवढेच. धावण्याच्या शूजची जाळी डांबरावर टिकत नाही आणि त्यांचा मऊ सोल हाताने सहज पिळता येतो.

कुणी कोणता बूट घ्यावा?

शहरात रोज पाच-दहा किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्यांना गुडघ्यापर्यंतच्या रेसिंग बुटांची गरज नाही. घोटा झाकणारा, लेसचा, चामडी किंवा जाड कृत्रिम साहित्याचा बूट पुरेसा आहे. स्कूटरला पुढे पत्रा असतो, म्हणून पाय सुरक्षित असतो असे नाही. पडताना पाय बाहेरच येतो.

महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्यांनी आणि दिवसाचे आठ-दहा तास गाडीवर असणाऱ्या डिलिव्हरी कामगारांनी घोट्याला कवच असलेले, चालायला सोपे असे कमी उंचीचे रायडिंग बूट घेतल्यास पैसे सत्कारणी लागतात. लडाख किंवा कोकण-गोव्याच्या लांब सफरींसाठी नडगीपर्यंतचे पाणीरोधक टूरिंग बूट योग्य. मातीच्या, दगडांच्या वाटांवर गाडी घालणाऱ्यांसाठी प्लास्टिकची कवचे आणि बकले असलेले उंच बूट असतात. पण ते इतके ताठ असतात, की शहरात ब्रेकचा अंदाजच येत नाही. जास्त संरक्षण म्हणजे नेहमीच जास्त सुरक्षितता नव्हे. ब्रेक आणि गिअर पायाला जाणवले पाहिजेत, आणि बूट रोज घालावासा वाटला पाहिजे. कपाटात ठेवलेला महागडा बूट कुणाचा पाय वाचवत नाही.

दुकानात काय तपासावे?

पाच गोष्टी पाच मिनिटांत पाहता येतात. एक, बुटाचा चवडा आणि टाच दोन हातांत धरून कपडा पिळावा तसे पिळावे. सहज पिळला गेला, तर तो गाडीखाली पायालाही पिळू देणार. दोन, सोल मधोमध दोन्ही कडांनी दाबावा. तो चेपता कामा नये. तीन, टाचेची वाटी आणि बोटांवरचा भाग अंगठ्याने दाबून पाहावा. दोन्ही कडक हवेत. चार, बूट घालून, पूर्ण बांधून कुणाला तरी टाचेकडून ओढायला सांगावे. निघाला, तर तो अपघातातही निघेल. पाच, गाडीवर बसून गिअर वर-खाली करावा आणि ब्रेक दाबावा.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. रोज वापरणार तेच मोजे सोबत न्यावेत. लेस लांब असतील, तर त्यांची टोके बुटात खोचता आली पाहिजेत. लोंबणारी लेस फूटरेस्टमध्ये किंवा साखळीत अडकली, तर थांबताना पाय खाली टेकताच येत नाही. सोल केवळ चिकटवलेला आहे की शिवलेला, हेही पाहावे. पॉलियुरेथेनचे सोल न वापरता दमट हवेत पडून राहिले, तर काही वर्षांत भुसभुशीत होऊन सुटतात. माळ्यावरून काढलेला जुना बूट थेट लांबच्या प्रवासाला घालू नये. मोठ्या पडझडीनंतर शिवण उसवलेला किंवा कवच तडकलेला बूट बदलावा.

पावसाळ्यात काय करावे?

ताम्हिणी, माळशेज, वरंधच्या वळणांवर पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी दुचाकींची रांग लागते आणि ‘बूट भिजतील’ म्हणून नेमकी तेव्हाच चप्पल घातली जाते. ओल्या रस्त्यावर घसरण्याची शक्यता सर्वाधिक असताना पाय सर्वांत उघडे असतात. गमबूट पाणी अडवतात, पण सैल असतात आणि घोट्याला आधार देत नाहीत. त्यापेक्षा बुटावर चढवायची रेन कव्हर परवडतात. मात्र त्यांचा सोल गुळगुळीत नाही ना, हे पाहावे. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेरून ठेवावी. आत खोचली, तर पाणी थेट बुटात उतरते. भिजलेले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवल्यास चामडे तडकते.

मागे बसणाऱ्यांचे काय?

मागे बसणाऱ्याला ना ब्रेक ना गिअर, त्यामुळे त्याच्या पायांचा विचारच होत नाही. प्रत्यक्षात चाकाच्या आऱ्यांत पाय जाण्याचा धोका सर्वाधिक त्यालाच, विशेषतः लहान मुलांना असतो. अशा अपघातात टाचेची गादी आणि टाचेमागची जाड शीर सोलून निघते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची दांडी, फूटरेस्ट आणि मागचे चाक किमान अर्धे झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो, ते हेच. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून ते काढून टाकणे धोक्याचे आहे.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगणारा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाला. पायांबाबत त्यात काही नाही. शाळेत सोडताना मुलाच्या पायात बंद बूट असणे, ही काळजी पालकांनीच घ्यायची आहे. एका बाजूने बसणाऱ्या महिलांच्या सँडल प्रवासात सुटून पडतात आणि त्या सावरण्याच्या नादात तोल जातो. त्यांनी निदान मागून पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. सायलेन्सरचे चटके हाही मागे बसणाऱ्यांचाच त्रास. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना तर चटका बसल्याचे लवकर कळतही नाही आणि जखम चिघळते.

खर्च कुणी करायचा?

कारखान्यात सेफ्टी शूज देणे ही मालकाची जबाबदारी मानली जाते. रस्ता हेच ज्यांचे कामाचे ठिकाण, त्या डिलिव्हरी कामगारांना मात्र बहुधा टी-शर्ट आणि पिशवी मिळते, बूट स्वतःचे. निती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. पाय मोडला, तर यांच्यापैकी दुचाकीवर पोट असणाऱ्यांची कमाई त्याच दिवशी थांबते.

करांचा मुद्दाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावरील किमतीला १८ टक्के जीएसटी आहे. घोट्यापर्यंतचे साधे बूट, सेफ्टी शूज पहिल्या गटात बसतात. प्रमाणित रायडिंग बूट मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या गटात जातात. म्हणजे संरक्षक बूट आणि महागडे फॅशनेबल शूज यांना कर एकच. हेल्मेटवरही १८ टक्के कर आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने नव्या दुचाकीसोबत दोन प्रमाणित हेल्मेट देण्याचा मसुदा काढला. त्याच धर्तीवर संरक्षक बुटांवरील कर कमी करणे, डिलिव्हरी कंपन्यांनी हेल्मेटबरोबर बूटही देणे आणि अपघाताच्या नोंदीत पादत्राणांचा रकाना असणे, या मागण्या अवास्तव म्हणता येणार नाहीत.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरातून निघताना किल्ली आणि हेल्मेट घेतो, तसे बूट घालून लेस बांधण्याला दोन मिनिटे लागतात. ‘कोपऱ्यावरून दूध आणायला तर चाललोय’ म्हणून चप्पल सरकवण्याच्या क्षणीही गाडीचे वजन ११० किलोच असते.